हललेला फोटो आणि हलता फोटो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गणेश विसर्जनाच्या दिवशी पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकांचे फोटो काढलेत. वादनातला जोश फोटोत उतरावा म्हणून शटर मुद्दाम १/१५ सेकंदावर, म्हणजे जास्त वेळ उघडं राहील असं ठेवलंत. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे जरा लहान सेन्सरचा), लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम (१८ ला दृश्य रुंद, ५५ ला जवळ ओढलेलं), आणि चेहरे मोठे यावेत म्हणून बराच वेळ ती ५५ वर ओढलेली. तीनशेच्या वर फोटो निघाले, घरी येऊन पाहता सगळे हललेले. मित्रांच्या मते हात थरथरला. तुम्ही विचारताय, शटर नेमकं किती ठेवायचं आणि ट्रायपॉड किंवा नवी लेन्स घ्यावी का.

आकडे सांगतोच. पण आधी दुखणं कुठलं ते बघू. फोटो मी पाहिलेले नाहीत, तुमच्या वर्णनावरूनच बोलतोय. मला वाटतं, तुमच्या फोटोंत हलणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत आणि स्थिर अशी एकही नाही. ढोल हलतोय, टिपरू (ढोल वाजवायची काठी) हलतंय, चेहरा हलतोय, मागची इमारतही थोडी हललीय. अशा वेळी बघणाऱ्याची नजर टेकायला जागा शोधते, ती सापडली नाही की सरळ म्हणते, ‘हललाय’. त्याच फोटोत वादकाचे डोळे किंवा ढोलाची एक कड जरी रेखीव आली असती, तर तोच माणूस म्हणाला असता, ‘काय वाजवतायत!’ हललेला फोटो आणि हलता फोटो यांत मी एवढाच फरक मानतो. शटर कमी करण्याआधी काय स्थिर ठेवायचं ते ठरवायचं. बाकीचं तंत्र त्या ठरवण्यामागून येतं.

आता घरच्या घरी एक तपासणी करा. ते तीनशे फोटो पुसू नका. एकेक फोटो पूर्ण मोठा करून त्यात जी वस्तू हलणं शक्यच नव्हतं ती शोधा: दुकानाची पाटी, विजेचा खांब, रोषणाईच्या माळेतला एखादा बल्ब. बल्ब सगळ्यात चांगला, कारण तो ठिपका असतो आणि ठिपक्याचं काय झालं ते लगेच कळतं. त्याचा आकडी किंवा स्वल्पविरामासारखा आकार झाला असेल, आणि फ्रेममधल्या सगळ्याच बल्बांचा तसाच झाला असेल, तर हात हलला. मित्र बरोबर. बल्ब ठिपक्यासारखेच आहेत आणि चेहरे मात्र पुसलेत, तर हात ठीक होता, वादक हलले. दोन्ही असेल तर दोन्ही. माझा अंदाज, ५५ वर काढलेल्या फोटोंत दोन्ही निघेल आणि १८ च्या आसपासच्या फोटोंत चार-दोन बरे निघतील, जे तुम्ही कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघून टाकाऊ ठरवले असतील.

असं का, ते जरा हिशेबानं सांगतो. ‘१/१५ ला किती ब्लर येतो’ या प्रश्नाला उत्तरच नसतं, कारण सेन्सरला वस्तूचा वेग माहीत नसतो. त्याला कळतं ते एवढंच, की शटर उघडं असताना ती वस्तू फ्रेममधलं किती अंतर चालून गेली. ते अंतर तीन गोष्टींवर ठरतं: वस्तूचा वेग, ती तुमच्यापासून किती लांब आहे आणि लेन्स किती ओढली आहे. तुमच्या लेन्सवर १८ ला, तीन मीटरवरच्या वादकापाशी, आडव्या फ्रेममध्ये जवळजवळ चार मीटर रुंदी मावते. तिथंच उभं राहून लेन्स ५५ वर नेली की सव्वा मीटरच मावते. आता समजा १/१५ सेकंदात टिपऱ्याचं टोक तीस सेंटीमीटर सरकलं आणि वादकाचं डोकं दोन सेंटीमीटर डुललं. १८ वर टिपरू फ्रेमच्या आठ टक्के पसरेल, डोकं अर्धा टक्का. म्हणजे टिपऱ्याचा पंखा आणि चेहरा जवळजवळ शाबूत. ५५ वर टिपरू तेवीस टक्के पसरेल, म्हणजे दिसेनासंच होईल, आणि डोकं दीड टक्क्याच्या वर. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत हे जवळपास शंभर पिक्सेल झाले. नाक कुठं, डोळा कुठं, कळत नाही. वेग तोच, शटर तेच, माणूस तोच. तुम्ही झूम केलंत आणि ब्लरसुद्धा झूम झाला.

यातूनच माझा एक ठोकताळा तयार झालाय, छापील नियम म्हणून घेऊ नका. फ्रेमच्या रुंदीच्या अर्ध्या टक्क्याच्या आत जे हललं ते मोबाईलवर स्थिर दिसतं. चार-पाच टक्क्यांच्या पुढे जे हललं ते मुद्दाम केलेलं दिसतं. यांच्या मधला जो पट्टा आहे, एक-दोन टक्क्यांचा, तो वाईट. तिथं फोटो ना धड गोठलेला ना धड वाहता, आणि चूक वाटते ती तिथंच. म्हणून ‘थोडासाच ब्लर’ मागणाऱ्यांना मी सांगतो की थोडासा मागू नका. हात पसरायचेच तर पूर्ण पसरा.

आता खुद्द पथकात शिरू, कारण कोण स्थिर राहतो हे तिथं जवळून बघावं लागतं. ढोलवादक गुडघ्यात वाकून, सगळं अंग खालीवर करत वाजवतो, ढोल कमरेला बांधलेला असल्यानं तोही सोबत नाचतो. त्याचा चेहरा मिळणं अवघड. ताशेवाल्याचं उलट असतं. त्याच्या मनगटापासून पुढचा भाग वेड्यासारखा पळत असतो, पण खांदे आणि मान बऱ्यापैकी जागेवर, कारण त्याला ठेका सांभाळायचा असतो आणि नजर समोरच्या वादकांवर ठेवायची असते. १/१५ ला ताशाच्या काड्या अक्षरशः नाहीशा होतात, ताशावर नुसतं धूसर पांढरं धुकं उरतं आणि वर एक एकाग्र चेहरा. पहिला चांगला फोटो हवा असेल तर ताशेवाल्यापासून सुरुवात करा. दुसरा सोपा गिऱ्हाईक म्हणजे ध्वजधारी. पाय रोवून उभा राहतो आणि ध्वज डावीकडून उजवीकडे फिरवतो. १/८ ला सुद्धा त्याचे पाय आणि कंबर रेखीव येते, वर भगव्याचा मोठा फराटा. झांजवाल्या मुलींचे फोटो मला स्वतःला कधी फारसे साधलेले नाहीत, हात आणि डोकं दोन्ही एकाच तालात उडतात.

ढोलवादकच हवा असेल तर क्षण पकडावा लागतो. झोपाळा आठवा. टोकाला गेलेला झोपाळा परत फिरण्याआधी एक निमिष थांबतो. अंगाच्या हालचालीचंही तसंच आहे. वादक पूर्ण खाली गेला की वर येण्याआधी त्याचं डोकं क्षणभर थांबतं, टिपरू मात्र तेव्हाही चालूच असतं. एक आवर्तन नुसतं ऐका, कॅमेरा खाली ठेवून. ठेका कळला की तो खालच्या टोकाला कधी येणार हे आधीच समजायला लागतं. मग तिथं पाच-सहा फोटोंची छोटी सर मारायची. मी स्वतः कॉलेजात असताना दोन हंगाम ढोल वाजवलाय, आणि फोटोग्राफीच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा त्याचा मला जास्त उपयोग झाला.

ही ‘काय थांबलंय’ची गंमत फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक, फ्रान्सचा दागेर, यानं १८३८ मध्ये पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. तेव्हा फोटो ज्यावर उमटायचा त्या पत्र्यावर उजेड साठायला काही मिनिटं लागायची. रस्ता वाहता होता, पण घोडागाड्या आणि चालणारे लोक सगळे पुसून गेले. राहिला तो कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तेवढा तोच एका जागी उभा होता. त्याला पत्ताही नव्हता. आपल्याकडचं उदाहरण छायाचित्रकार रघु राय यांचं आहे. १९९५ मधला चर्चगेट स्थानकाचा त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल, नसेल तर शोधून बघा. लोकलमधून उतरलेल्या गर्दीचा लोट झालेला, आणि त्या लोटात वर्तमानपत्र वाचत थांबलेली माणसं मात्र स्पष्ट. त्या माणसांवर हात ठेवून फोटो बघा, नुसता धूर उरतो. मुंबईची घाई त्या वाचणाऱ्यांमुळे कळते.

इथवरचं म्हणजे कॅमेरा स्थिर, जग हलतंय, हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार त्याच्या उलट: हलणाऱ्या वस्तूबरोबर कॅमेराही फिरवायचा, म्हणजे ती वस्तू स्थिर येते आणि मागचं जग वाहून जातं. याला पॅनिंग म्हणतात. मिरवणुकीत याचा उपयोग नाही, कारण तिथं कुणी पळत नाही. पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी वारीचा उल्लेख केलाय, म्हणून रिंगणाबद्दल जरा सविस्तर लिहितो. तिथं एकाच घोड्यासाठी दोन वेगळी तंत्रं लागतात, आणि हे कळायला मला तीन वर्षं लागली.

माऊलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथं होतं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा धरून उभे असतात आणि मधल्या चिंचोळ्या वाटेनं दोन अश्व धावतात, एक स्वाराचा आणि एक माऊलींचा, ज्यावर कुणी बसत नाही. तुम्ही रांगेत उभे असाल तर घोडा तुमच्यापासून हात-दीड हातावरून जातो. पहिल्या वर्षी मी तिथं पॅनिंग करायला गेलो. लांबून येणारा घोडा बराच वेळ फ्रेममध्ये जागच्या जागी मोठा होत राहतो, आणि शेवटच्या क्षणी एकदम तुमच्या डोळ्यांपुढून सपकन जातो. त्या वेगानं मान वळत नाही, कॅमेरा कुठला वळतोय. एकूण एक फोटो वाया. नंतर शहाणपण सुचलं: इथं घोडा पकडायचाच नाही. कॅमेरा छातीशी घट्ट धरून समोरच्या रांगेवर रोखायचा, शटर १/१५ ते १/३०, आणि घोडा मधून जाऊ द्यायचा. घोड्याचा पांढरा-तपकिरी पट्टा येतो, आणि त्याच्या वर समोरच्या रांगेतले चेहरे, हात जोडलेले, स्थिर. तो पट्टा काय आहे ते त्या चेहऱ्यांकडे बघून कळतं.

गोल रिंगण वेगळं. पुरंदावडे, खुडूस या मैदानांत पालखी मध्ये असते, भोवती पताकावाले, तुळशीवाल्या बायका, विणेकरी धावून घेतात आणि मग अश्व सुटतात. इथं भूमिती तुमच्या बाजूनं आहे. वर्तुळाच्या मधल्या भागात उभं राहायला मिळालं, तर घोडा पूर्ण फेरीभर तुमच्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर राहतो. फोकस बदलत नाही, कॅमेरा फिरवायचा वेग बदलत नाही, घोड्याची बाजूच तुमच्याकडे राहते. पॅनिंगला याहून सोयीची जागा मला माहीत नाही. अर्थात आत जायला सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळालं तरी आपण तिथं पाहुणे आहोत. बाहेरच्या कडेला असाल तर वर्तुळाची पलीकडची बाजू धरा. जवळून जाणाऱ्या घोड्याच्या नादी लागू नका.

आकडे असे. घोडा ताशी चाळीस किलोमीटर धरला तर सेकंदाला अकरा मीटर, म्हणजे १/३० ला तो सदतीस सेंटीमीटर पुढे जातो. वीस मीटरवरून, तुमच्या लेन्सच्या ५५ वर, मागची गर्दी फ्रेमच्या सुमारे चार टक्के पसरेल. पुरेसं आहे. मी १/६० पासून सुरू करतो, दोन-चार चांगले आले की १/३० वर उतरतो, आणि हाव सुटली की १/१५. घोडा धावताना खालीवरही होतो, ती हालचाल तुम्ही कॅमेऱ्यानं भरून काढू शकत नाही. म्हणून १/१५ ला चाळीसात एखादाच लागतो. पाय कधीच रेखीव येणार नाहीत आणि येऊही नयेत. डोळा आणि मान आली की झालं.

पॅनिंगमध्ये पायांची जागा ही सगळ्यात दुर्लक्षिलेली गोष्ट आहे. जिथं शटर दाबायचं त्या दिशेला पाय रोवा, कंबरेतून मागे वळून घोडा घ्या, म्हणजे दाबायच्या वेळी शरीर सरळ आणि मोकळं होत येतं. उलटं केलंत तर नेमक्या क्षणी कंबर आवळते आणि झटका बसतो. शटर दाबल्यावरही फिरणं थांबवू नका, क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर बॅट पुढे जाते तसं. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. लेन्सच्या स्थिरीकरणाला पॅनिंगसाठी वेगळी सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर चालू आणि बंद दोन्ही करून बघा, कारण काही जुन्या लेन्स तुमच्या फिरवण्यालाच थरथर समजून विरोध करतात. आणि मागे काय आहे ते बघा. मागे नुसतं आभाळ असेल तर पॅनिंग केलं काय आणि न केलं काय, पुसायला काहीच नाही. रंगीबेरंगी पातळं, पांढऱ्या टोप्या, पताका असं चित्रविचित्र काहीतरी हवं.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण ती अनुभवी लोकही विसरतात. अगदी जवळून, रुंद लेन्सनं पॅनिंग केलं तर तोंड स्पष्ट आणि शेपूट पुसलेलं असं होतं, कितीही सफाईनं फिरवा. लांब वस्तूचं पुढचं टोक आणि मागचं टोक तुमच्यापासून वेगवेगळ्या कोनात असतं, ती दोन्ही एकाच वेगानं सरकत नाहीत. पूर्ण घोडा रेखीव हवा तर मागे सरका आणि लांबची लेन्स लावा. फक्त डोळा रेखीव हवा तर जवळ जा. दोन्ही चित्रं चांगली, फक्त आपल्याला कुठलं हवंय ते माहीत पाहिजे.

थोडक्यात इथवरचं: गर्दीत किंवा वादनात कॅमेरा स्थिर आणि कोणीतरी एक थांबलेला. धावत्याला कॅमेरा सोबत. दोन्हीत एक काहीतरी रेखीव.

आता रात्रीची मिरवणूक. उजेड कमी, त्यामुळे शटर आपोआप खाली येतं, पण ‘काय थांबलंय’ याचं उत्तर मिळत नाही. तिथं फ्लॅश कामाला येतो. शटर १/८ ठेवायचं, आसपासचा उजेड दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी पडेल असं एक्स्पोजर लावायचं आणि फ्लॅश पाव ताकदीला मारायचा. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्यामुळे तेवढ्यात चेहरा गोठतो. उरलेल्या वेळात दिवे आणि हात आपापल्या रेषा ओढतात. फ्लॅश शटर मिटताना लागेल असं मेनूत निवडा. कुठं त्याला रिअर कर्टन म्हणतात, कुठं सेकंड कर्टन. सुरुवातीलाच लागला तर रेषा वस्तूच्या पुढे येतात आणि माणूस मागे पळतोय असं वाटतं. फ्लॅशवर हलकं नारिंगी जिलेटिन लावलं तर पिवळ्या दिव्यांत चेहरा भुतासारखा पांढरा दिसत नाही. पण वादकाच्या डोळ्यांत समोरून फ्लॅश मारू नका. वाजवताना कुणी तो मारला की पुढची दोन आवर्तनं काही दिसत नाही, हे मी भोगलंय. हात लांब करून बाजूनं मारा, आणि एक-दोनदाच.

एलईडीच्या दिव्यांची एक गंमत सांगतो. त्यांतले बरेच प्रत्यक्षात सतत पेटलेले नसतात, डोळ्याला न कळेल इतक्या वेगानं उघडझाप करतात. कॅमेरा फिरवला तर अखंड रेषेऐवजी तुटक टिंबांची रांग येते. काहींना ती खटकते. मला कशिद्यासारखी वाटते.

भर दुपारी अडचण उलटी. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/१६ ला साधारण १/१०० शटर मिळतं. त्याहून खाली यायचं तर लेन्सपुढे गडद काच लागते. आठपट उजेड कापणारा, म्हणजे तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की तिथंच १/१२ मिळतं. तुम्हाला खरेदी करायचीच असेल तर नव्या लेन्सऐवजी हा घ्या. एफ/२२ पर्यंत जाऊन काच वाचवायचा मोह टाळा, तिथं विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ होतो आणि सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण आभाळात दिसायला लागतो. मात्र लक्ष्मी रस्ता दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे बराच वेळ सावलीत असतो, तिथं बहुतेक वेळा नुसत्या आयएसओ १०० आणि एफ/११ वर काम भागतं. उन्हाचा पट्टा पडतो त्या चौकात तेवढी काच लावा.

ट्रायपॉडबद्दल: मिरवणुकीत नको. जागा नाही, लोक अडखळतात, आणि तो पथकातल्या पोरांच्या पायात आला तर मार तुम्हालाच बसेल. भिंतीला पाठ लावा, कोपर बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता दाबा. रुंद लेन्सनं १/१५ एवढ्यावर निभतं. ट्रायपॉड गच्चीवरून किंवा खिडकीतून खालचा लोट टिपायला उपयोगी. तिथंही तो कशावर उभा आहे ते बघा. माझी फजिती सांगतो. रेल्वेच्या एका पादचारी पुलावर मी ट्रायपॉड लावून दोन सेकंदांचं शटर ठेवलं होतं, खालून येणारी लोकल रेष व्हावी आणि फलाट स्थिर राहावा म्हणून. सगळं बेतलेलं. लोकल आली की पूल थरथरायचा, आणि ती आलेली असतानाच माझं शटर उघडं असायचं. तासभर मी ट्रायपॉडचे पेच आवळत बसलो. शेवटी चहावाला म्हणाला, ‘साहेब, पूल हलतोय, ते नाही.’

मोबाईलवर विचारणारे बरेच असतात म्हणून दोन ओळी. मोबाईलच्या बहुतेक कॅमेऱ्यांत अ‍ॅपर्चर बदलत नाही, म्हणून उजेडात शटर खाली येत नाही. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला ‘लाँग एक्स्पोजर’ करता येतं, पिक्सेलमध्ये ‘ॲक्शन पॅन’ आहे. दोन्हीत बरंच काम सॉफ्टवेअर करतं. शिकायला चालेल. धबधबे आणि समुद्र यांचं दुधासारखं पाणी मला आता कंटाळवाणं वाटतं, त्यावर मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, तीस सेकंदांऐवजी अर्ध्या-पाऊण सेकंदाला लाट परत जाताना वाळूवर ज्या रेघा ओढते त्या बघा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मंगळागौरीत मी एकदा फुगडीचा फोटो स्टुलावर उभं राहून वरून घेतला, १/८ ला. मध्यभागी गुंफलेले चार हात, बांगड्यांसकट जवळजवळ रेखीव, कारण फिरण्याचा आस तिथंच. आणि भोवती दोन नऊवारींचे पदर चाकासारखे गोल. त्या वर्षीचा माझा सगळ्यात आवडता फोटो. अल्बम दाखवल्यावर नवरीचे वडील म्हणाले, ‘बाकी सगळे झकास हो, तेवढा हललेला काढून टाका.’ काढला. पैसे त्यांचे, अल्बम त्यांचा. तेव्हापासून मी कुठंही आधी १/५०० ला एक स्वच्छ फोटो घेतो, मग स्वतःचे खेळ करतो. तुम्ही पथकातल्या मित्रांना फोटो पाठवणार असाल तर तुम्हीही तसंच करा. त्यांना आपला चेहरा हवा असतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पुढच्या गणपतीची वाट बघू नका, पण थेट मिरवणुकीतही उतरू नका. गणपतीआधी दीड-दोन महिने संध्याकाळी नदीपात्रात पथकांचे सराव चालतात. पथकप्रमुखांना विचारून एका बाजूला उभे राहा. वादक एका जागी वाजवतात, गर्दीचे धक्के नाहीत, आणि उजेड हळूहळू कमी होत असल्यानं १/६० पासून १/८ पर्यंत सगळं शटर एकाच संध्याकाळी वापरून होतं. पहिले दोन दिवस लेन्स १८ ते २४ च्या पुढे नेऊ नका, झूम पायांनी करा. गुलाल उधळायला लागले की लेन्सवर पिशवी बांधा आणि शटर वर घ्या, कारण १/८ ला गुलालाचा ढग म्हणजे चेहऱ्यावर टाकलेला नुसता गुलाबी पडदा.

आणि ते तीनशे फोटो बल्ब शोधत एकदा बघाच. १८ वरचा एक आणि ५५ वरचा एक असे दोन इथं टाका, हात हलला होता की वादक, ते नक्की सांगतो.